गाथा, हाउग आणि पुण्याचे दस्तूर

मुठाकाठ

अवेस्ताच्या (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या) अभ्यासाचा इतिहास वाचायला घेतला की पॅरिस, कोपनहेगन, म्युनिक, ऑक्सफर्ड अशी गावे भेटतात. सुरत, नवसारी, खंभात, पुणे ही नावेही येतात, पण फक्त हस्तलिखिते मिळाली ती ठिकाणे म्हणून. त्या गावांत ही हस्तलिखिते वाचणारे, उतरवणारे, शिकवणारे दस्तूर (पारशी धर्मगुरू) पिढ्यान् पिढ्या होते आणि त्यांच्यावाचून युरोपातल्या कुणालाही त्यातली एक ओळ लागली नसती, हे ठासून कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

सुरतेपासून सुरुवात करतो. आंकेतील द्युपेराँ या तरुण फ्रेंच माणसाने १७५४ मध्ये पॅरिसमध्ये चार पाने पाहिली. ऑक्सफर्डला असलेल्या वेंदिदादच्या (अवेस्तातला शुद्धीच्या नियमांचा भाग) हस्तलिखितावरून ती कुणीतरी उतरवली होती. लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. हा गडी फ्रेंच कंपनीच्या फौजेत नाव घालून हिंदुस्थानला निघाला, १७५५ मध्ये पाँडिचेरीला उतरला आणि १७५८ मध्ये सुरतेला पोचला. तिथे दस्तूर दाराब यांनी त्याला फारसीच्या आधाराने वेंदिदाद समजावून दिला. आता दाराब कुठे शिकले? १७२० च्या दशकात इराणातल्या किरमाणहून जामास्प विलायती नावाचे दस्तूर सुरतेला आले होते. इथल्या पारशांचे पंचांग इराणच्या पंचांगापेक्षा एक महिना मागे आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी इथल्या निवडक तरुण धर्मगुरूंना शिकवले, त्यातले एक दाराब. पंचांगाच्या त्या वादातूनच पुढे १७४५ च्या सुमारास शहेनशाही आणि कदमी असे दोन तट पडले. म्हणजे आंकेतील आला तेव्हा सुरतेचे दस्तूर जुने ग्रंथ पुन्हा तपासून एकमेकांशी वाद घालत होते. अभ्यास आधीपासून चालू होता, आंकेतील त्यात येऊन बसला.

१७७१ मध्ये त्याचे तीन खंड निघाले आणि त्याची फार निंदा झाली. विल्यम जोन्स तेव्हा तरुण होते. इतके रुक्ष लिखाण प्रेषित झरथुष्ट्राचे असूच शकत नाही, असे त्यांनी फ्रेंचमध्ये खरमरीत पत्र लिहून जाहीर केले. हा संशय पुरता फिटायला अर्धे शतक गेले. डेन्मार्कच्या रास्कने मुंबईला येऊन हस्तलिखिते मिळवली आणि १८२६ मध्ये भाषेची प्राचीनता दाखवून दिली. मग १८३३ पासून फ्रान्सच्या ब्युर्नुफने यस्नाचा (अवेस्तातल्या मुख्य विधिपाठाचा) अर्थ नीट लावायला घेतला. त्याच्या हाताशी काय होते? संजाणच्या परंपरेतले नेर्योसंघ धवल यांचे संस्कृत भाषांतर. साधारण ११व्या-१२व्या शतकात गुजरातच्या किनाऱ्यावर एका पारशी पंडिताने आपला धर्मग्रंथ पहलवी या मध्यकालीन इराणी भाषेच्या आधाराने संस्कृतात आणला, आणि सातशे वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच संस्कृताने अवेस्ताचे कुलूप उघडले. या भाषांतराबद्दल संस्कृतच्या वर्गात एक अक्षर शिकवत नाहीत, याचे मला खरेच वाईट वाटते.

आता पुणे. जर्मन पंडित मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृत अभ्यासाचे प्रमुख म्हणून आले. गाथांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ तेव्हा अर्धा छापून झाला होता (१८५८ आणि १८६०, दोन भागांत). यस्नाच्या ७२ अध्यायांतली १७ सूक्ते, म्हणजेच गाथा, बाकीच्यांपेक्षा जुन्या बोलीत आहेत, ती पाच छंदांत बांधलेली आहेत आणि ती खुद्द झरथुष्ट्राची व त्याच्या निकटच्या शिष्यांची वाणी आहे, हा त्यांचा सिद्धांत. अवेस्ताच्या आजच्या साऱ्या अभ्यासाचा तो पाया आहे. पण पुण्यात आल्यावर त्यांना जे मिळाले ते जर्मनीत मिळण्यासारखे नव्हते. दख्खनच्या पारशांचे दस्तूर होशंगजी जामास्पजी इथे होते. त्यांनी तयार केलेले अवेस्ता-पहलवी आणि पहलवी-पाझंद (पाझंद म्हणजे अवेस्ताच्या लिपीत लिहिलेली पहलवी) शब्दसंग्रह हाउग यांच्यासह १८६७ आणि १८७० मध्ये प्रसिद्ध झाले, १८७२ मध्ये अर्दा विराफचा पहलवी ग्रंथ निघाला, त्यात ई. डब्ल्यू. वेस्टही होते. हे वेस्ट मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. मुंबई इलाख्यात नोकरी करता करता पहलवी शिकले आणि तिच्यातले सर्वांत भरवशाचे अभ्यासक ठरले.

हाउग यांचे इंग्रजी निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले. पुढची चर्चा त्या निबंधांनी जे वादळ उठवले त्यावर व्हावी असे वाटते.

केतकी_सातारा

फार सुंदर लिहिलेत. नेर्योसंघाचे नाव मी पहिल्यांदाच ऐकले. मी संस्कृत घेऊन एम. ए. केले आहे, तेव्हा तुमचे संस्कृतच्या वर्गाबद्दलचे वाक्य लागले. हे संस्कृत वाचायला कसे आहे? आणि वादळ म्हणजे नेमके काय, तेही लिहा.

मुठाकाठ

केतकीताई, संस्कृत म्हणून वाचलेत तर अडखळायला होईल. मूळ पहलवीच्या शब्दाखाली संस्कृत शब्द ठेवत जाणारे ते भाषांतर आहे, त्यामुळे वाक्यरचना पहलवीची राहते आणि विभक्त्या पाणिनीला पटणार नाहीत अशा. पण अभ्यासाला तेच फार उपयोगी, कारण त्या काळातल्या दस्तुराला कुठल्या शब्दाचा काय अर्थ वाटत होता ते थेट कळते.

वादळाचे सांगतो. त्याची मुळे हाउगच्या आधी वीस वर्षांची आहेत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचे) यांच्याकडे १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेले. १८४३ मध्ये विल्सनने पारशी धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याने वेंदिदाद आणि बुंदहिश्न (सृष्टीच्या उत्पत्तीचा पहलवी ग्रंथ) वाचले होते, आणि त्याचा हल्ला मुख्यतः एका जागी होता: तुमच्या धर्मात चांगला देव आणि वाईट देव असे दोन अनादी आहेत, मग तुम्ही एकेश्वरी कसे? दस्तुरांनी उत्तरे दिली, पण ज्या ग्रंथांवर त्यांचा भरवसा होता त्यांच्यातूनच विल्सन उतारे काढत होता.

हाउगने सांगितले की गाथांमध्ये अहुर मझ्द हा एकच देव आहे. स्पेंत मैन्यू (पवित्र आत्मा) आणि अंग्र मैन्यू (विध्वंसक आत्मा) या त्याच्या निर्मितीतल्या दोन प्रवृत्ती. अंग्र मैन्यूचा सामना स्पेंत मैन्यूशी आहे, खुद्द मझ्दाशी नाही. दोन देव समोरासमोर उभे करणे हे नंतरच्यांचे काम. आणि वेंदिदादमधले शुद्धीचे किचकट नियम? तेही नंतरचे, झरथुष्ट्राचे नव्हेत. सुशिक्षित पारशांना हे किती मोलाचे वाटले असेल! १८५१ मध्ये नौरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजी आदींनी रहनुमाए मझ्दयस्नान सभा काढलीच होती. त्या सुधारकांच्या हाती आता ग्रंथाचा आधार आला.

अक्षरधारा

म्हणजे एका जर्मन पंडिताने पारशांना त्यांचा धर्म नव्याने सांगितला?

एर्वदपुत्र

मी पुण्याचाच, कॅम्पातला. आमचे घराणे अथोरनान, म्हणजे धर्मगुरूंचे. वरच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर द्यावेसे वाटते.

नवा धर्म कुणी सांगितला नाही. आमच्या आजोबांना गाथा मुखोद्गत होत्या, हाउगचे नावही माहीत नसताना. वेगळे असे होते की गाथा यस्नाच्या आत एका जागी बसलेल्या आहेत, त्या म्हणायच्या आणि विधीत वापरायच्या, त्यांना सोडवून काढून "हीच खरी शिकवण, बाकी भर" असे कुणी म्हणत नव्हते. यस्नाचा विधी आम्ही इजश्ने म्हणतो. दोन धर्मगुरू लागतात, जोती आणि रास्पी. ७२ अध्याय तोंडपाठ, हातांची कामे त्याच लयीत. हावनात (धातूच्या खलात) होमाच्या काड्या आणि डाळिंबाची फांदी कुटायची, जीवाम म्हणजे बकरीचे दूध, बरसम (पूर्वी झाडाच्या डहाळ्या, आता धातूच्या काड्या). कुठल्या शब्दाला हात कुठे जाणार हे ठरलेले आहे. गाथा त्यात कुठे येतात तेही पाहा: यस्न २८ ते ३४, मग मध्ये सात अध्यायांचा यस्न हप्तंघाइती, मग ४३ पासून ५१, आणि ५३. गद्य मधोमध, दोन्ही बाजूंना छंदोबद्ध गाथा. ही मांडणी फार प्राचीन आहे आणि ती योगायोगाने झालेली नाही.

हाउगबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यानंतर आमच्यातल्या शिकलेल्या लोकांनी विधीकडे पाठ फिरवली. गाथा हे तत्त्वज्ञान आणि बाकी कर्मकांड अशी वाटणी झाली. त्याचा फटका अग्यारीला बसला. आज मुलगा नावर होतो (धर्मगुरूची पहिली दीक्षा घेतो), पण व्यवसाय म्हणून पुढे येत नाही. २००१ च्या जनगणनेत आम्ही ६९,६०१ होतो, २०११ मध्ये ५७,२६४. एवढ्या लहान समाजात ज्यांना अख्खा यस्न पाठ आहे असे किती असतील याचा विचार करा.

मुठाकाठ

एर्वदपुत्र, तुम्ही आलात हे या धाग्याचे भाग्य. तुमचे म्हणणे आजच्या अभ्यासकांनीही उचलून धरले आहे. मेरी बॉइस या ब्रिटिश अभ्यासक १९६३-६४ मध्ये इराणात यझ्दजवळच्या शरीफाबाद गावी झरथुष्ट्री शेतकऱ्यांच्या घरात राहिल्या. तिथले आचार, सण, शुद्धीचे नियम पाहून त्यांची खात्री पटली की विधी आणि शिकवण या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. हाउगच्या एकेश्वरवादाला त्यांचा ठाम विरोध होता. त्यांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली: हाउगचे मत मुंबईच्या सुधारकांनी उचलले, इंग्रजी पत्रकांतून मांडले, आणि तीच पत्रके युरोपात पोचल्यावर "पाहा, पारशांची परंपरासुद्धा हेच म्हणते" असे तिकडचे लोक म्हणू लागले. एकच आवाज दोन तोंडांनी ऐकू आला.

आता माझे मत. यस्न ३०.३ मध्ये दोन मैन्यू "जुळे" आहेत असे स्वच्छ आहे. यस्न ४७.३ मध्ये मझ्दाला स्पेंत मैन्यूचा पिता म्हटले आहे. हाउगने दोन्ही ओळी जोडल्या: जुळ्यांतल्या एकाचा बाप तो दुसऱ्याचाही बाप. तर्क म्हणून हे चोख आहे. पण गाथांत कुठेही मझ्दा अंग्र मैन्यूचा पिता असल्याचे म्हटलेले नाही. कवीने जे बोलायचे टाळले ते आपण त्याच्या तोंडी घालू नये. दुसऱ्या टोकाला पहलवी ग्रंथांतला ओहर्मझ्द विरुद्ध अह्रिमन (अहुर मझ्द आणि अंग्र मैन्यू यांची पहलवी नावे) हा सरळ सामना गाथांत जसाच्या तसा आहे असेही मला वाटत नाही. गाथांचा भर निवडीवर आहे. दोघांपैकी शहाण्यांनी नीट निवडले, मूर्खांनी नाही. कवीला तिथे माणसाची निवड महत्त्वाची वाटते, विश्वाची वंशावळ नाही.

सोमयाजी

मूळ प्रश्न राहूनच जातोय. आपले देव ते त्यांचे दएव म्हणजे राक्षस, आणि आपले असुर ते त्यांचे अहुर. म्हणजे एकाच समाजात धर्मावरून भांडण झाले आणि दोन तट वेगळे झाले, हे उघड आहे. यावर कुणी का बोलत नाही?

मुठाकाठ

कारण हे हाउगनेच जोरात मांडले आणि नंतरच्या पुराव्याने ते ढिले पडले. ऋग्वेदाच्या जुन्या मंडलांत असुर ही शिवी नाही. वरुण असुर आहे, अग्नीला असुर म्हटले आहे, तो मोठेपणाचा शब्द आहे. देव विरुद्ध असुर हा सामना उत्तरकालीन मंडलांत आणि पुढे ब्राह्मणग्रंथांत पक्का होतो. इराणी बाजूला दएवांचा धिक्कार गाथांतच आहे, पण तिथेही ते एके काळी पूजले जात होते अशा खुणा आहेत. म्हणजे दोन्हीकडे बदल झाले, पण वेगवेगळ्या काळी आणि आपापल्या कारणांनी. एकाच दिवशी एकाच मांडवात भांडण झाले असे समजायला आधार नाही. शिवाय मित्र, यम (यिम), अपां नपात्, सोम (हओम), होता (झओतर), अथर्वन् हे सगळे दोन्हीकडे मानाने नांदतात. कडवे वैर असते तर यादी अशी उरली नसती.

केतकी_सातारा

लोकमान्यांनीही अवेस्ता वापरला होता ना? आर्क्टिकच्या ग्रंथात?

मुठाकाठ

हो, १९०३ च्या त्या ग्रंथात अवेस्तातल्या पुराव्यावर त्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. वेंदिदादच्या पहिल्या फर्गर्दात (अध्यायात) ऐर्यन वएजह या आर्यांच्या मूळ भूमीत दहा महिने हिवाळा असतो असे आहे, आणि दुसऱ्यात यिम थंडीपासून प्राणी वाचवण्यासाठी 'वर' (बंदिस्त आसरा) बांधतो. टिळकांनी ते ध्रुवप्रदेशाशी जोडले. सिद्धांत आज कुणी मानत नाही. ऐर्यन वएजह कुठे होते यावर मते अनेक आहेत, पण त्या यादीतले जे प्रदेश पक्के ओळखता येतात (सुघ्द, मर्व, बल्ख, हेरात, हेलमंदचे खोरे) ते मध्य आशिया आणि अफगाणिस्तानातले आहेत, आणि हप्त हिंदूही (सप्तसिंधू) त्यातच. तरीही १९०३ च्या पुण्यात एक माणूस वेदांच्या बरोबरीने वेंदिदाद समोर ठेवून विचार करत होता, याला हाउग-होशंगजींच्या पुण्याची पार्श्वभूमी होती असे मला वाटते.

कान्हेरीवाट

महाराष्ट्रातला अजून एक दुवा. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख कोरलेले आहेत. यज्दगर्दी (पारशी) सन ३७८ आणि ३९०, म्हणजे इ. स. १००९ आणि १०२१. बौद्ध लेणी पाहायला आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे, वडिलांची नावे आणि तारीख नोंदवून ठेवली आहे. ते वाचून प्रसिद्ध करणारेही तुमचे तेच रेल्वे इंजिनिअर वेस्ट. पर्यटक समोरून निघून जातात, गाइडही थांबत नाहीत. आता जाल तेव्हा व्हरांड्यात उभे राहून उभ्या ओळी शोधा, आडव्या नाहीत.

डहाणूजवळच्या बाहरोट गुंफाही आहेत. पारशांचे संजाण पडल्यावर त्यांचा इराणशाह आतश (पवित्र अग्नी) तिथे बारा वर्षे ठेवला होता अशी परंपरा. संजाणची हकिगत १५९९-१६०० च्या सुमारास नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी फारसी पद्यात लिहिली. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झाले आणि दोखमाही (मृतदेह ठेवण्याचा मनोरा) सापडला, तेव्हा ती हकिगत निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला टाकता येत नाही.

पणजीहून

गोव्याकडूनही एक भर. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादांत खंभातकडच्या पारशांचा उल्लेख आहे. पोर्तुगीज त्यांना ज्यू समजतात पण ते तसे नाहीत, ते पर्शियातून आलेले लोक, असे तो लिहितो. ओर्ता स्वतः ज्यू घराण्यातला होता, त्यामुळे हा फरक त्याला बरोबर कळला.

अक्षरधारा

हस्तलिखितांचे काय? सगळी बाहेर गेली का?

एर्वदपुत्र

सगळी नाही. नवसारीचे मेहेरजीराणा ग्रंथालय १८७२ पासून आहे, मुंबईत कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट १९१६ पासून. खरशेदजी कामांचे नाव इथे यायलाच हवे. युरोपात जर्मन पंडित स्पीगेलकडे अवेस्ता शिकून आले आणि १८६१ मध्ये मुंबईत तरुण धर्मगुरूंसाठी वर्ग काढला. पाठांतर करणाऱ्या मुलांना व्याकरण शिकवणारे पहिले तेच.

बाहेर गेलेल्यांपैकी दोन सांगतो. १३२३ मध्ये खंभातला मेहेरबान कैखुस्रो या इराणातून आलेल्या लेखनिकाने पहलवी भाषांतरासह यस्नाच्या दोन प्रती लिहिल्या. एक रास्कबरोबर कोपनहेगनला गेली. दुसरी दस्तूर जामास्पजी मिनोचेहेरजी यांनी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला भेट दिली. भेट दिली, हा शब्द लक्षात घ्या. गेल्डनरने १८८६ ते १८९६ या काळात अवेस्ताची जी संशोधित आवृत्ती काढली तिच्यासाठी इथल्या दस्तुरांनी घरातली हस्तलिखिते बोटीने जर्मनीला पाठवली. अशी उदारता कुणी विकत घेऊ शकत नाही.

आणि लंडनच्या 'सोआस' या विद्यापीठातल्या आल्मूत हिंत्से यांच्या प्रकल्पाने यस्नाचा अख्खा विधी मुंबईत चित्रित केला आहे. आतल्या पाव महलात (विधीच्या जागेत) बाहेरच्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे बहुतेक अभ्यासकांनी पिढ्यान् पिढ्या फक्त शब्द वाचले, हात पाहिले नव्हते. आता शब्द आणि कृती जोडून पाहता येते.

मुठाकाठ

हाउगनेही तोच प्रयत्न केला होता, उलट दिशेने. ऐतरेय ब्राह्मण समजून घेण्यासाठी त्यांनी एका श्रौती ब्राह्मणाकडून आपल्या आवारात सोमयागाचे विधी करवून घेतले आणि सोमरसाची चवही घेतली. मग ज्योतिष्टोम आणि इजश्ने शेजारी ठेवून तुलना केली. हाउगचा एकेश्वरवाद टिकला नाही तरी ही पद्धत टिकली, आणि मला ती त्यांची खरी देणगी वाटते.

केतकी_सातारा

मला गाथा वाचायला सुरुवात करायची आहे. अवेस्ताची लिपी येत नाही. काय करू?

मुठाकाठ

लिपी आली नाही तरी अडत नाही. वैदिक संशोधन मंडळाने १९६२ मध्ये पुण्यात सोनटक्के आणि कांगा यांनी संपादित केलेला अवेस्ता देवनागरीत छापला आहे. मोठ्या संस्कृत ग्रंथालयांत शोधा. सोबत तारापोरवाला यांचे १९५१ चे गाथांचे पुस्तक घ्या. प्रत्येक शब्दाची फोड आहे आणि संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. हे तारापोरवाला डेक्कन कॉलेज संशोधन संस्था झाल्यावरच्या सुरुवातीच्या काळातले संचालक. काही अर्थ त्यांच्या थिऑसॉफीच्या बाजूला कलतात, तिथे सावध राहा.

एर्वदपुत्र

यस्न २८ पासून सुरू करू नका, ४४ पासून करा. शेवटचे सोडून प्रत्येक कडव्याच्या तोंडी "हे तुला विचारतो, अहुरा, मला खरे सांग". मग प्रश्न: सूर्य-ताऱ्यांना वाट कुणी दिली? चंद्र वाढतो आणि घटतो तो कुणामुळे? पृथ्वीला खालून कुणी धरले? नासदीय सूक्त पाठ असलेल्या माणसाला तिथे परके वाटणार नाही.

सोमयाजी

मला २९ वाचायचे आहे, गाईच्या आत्म्याची तक्रार. "मला कुणासाठी घडवलेत?" असे ती विचारते असे ऐकले आहे.

मुठाकाठ

बरोबर, ११ कडवी आहेत आणि संवाद असल्याने वाचायलाही सोपे. तिचा रक्षक म्हणून झरथुष्ट्राचे नाव पुढे येते, तेव्हा ती आधी नाराज होते, मला बलवान धनी हवा होता म्हणते. स्वतःबद्दलची ही नाराजी आपल्याच सूक्तात ठेवणारा कवी मला फार जवळचा वाटतो.

असे करू. २९ साठी वेगळा धागा काढतो आणि पहिल्या तीन कडव्यांची देवनागरी संहिता रविवारी टाकतो. केतकीताईंनी संस्कृत समांतर शब्द पाहावेत. एर्वदपुत्र, विधीत ही कडवी म्हणताना हावनाजवळ काय चालू असते ते तुम्ही लिहा. ज्यांच्याकडे सोनटक्के-कांगा प्रत आहे त्यांनी गेल्डनरशी पाठ ताडून पाहावा.

एर्वदपुत्र

लिहितो. वडिलांना विचारून लिहितो, म्हणजे नवसारीची रीत आणि उदवाड्याची रीत यांत फरक असला तर तोही येईल.